सायकलच्या लांब राइडला हात बधिर, खांदे आणि कंबर आखडते: काय बदलू?

रानवाट:
रोडबाइक घेऊन वर्ष होत आलं. तासाभराच्या राइडला काहीच त्रास नसतो. त्यापुढे गेलं की आधी करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात, मग मानेपासून खांद्यापर्यंत ओढ बसते. घरी येईतो कंबर अशी धरते की बूट काढायला वाकवत नाही. जेलचे ग्लोव्हज घेतले, हँडलची टेप जाड केली. मुंग्या थोड्या उशिरा येतात, इतकंच. सीट टोचत होती म्हणून तिचं पुढचं टोक जरा खाली केलंय. आखूड स्टेम (हँडलला फोर्कच्या नळीशी जोडणारा तुकडा) घ्यावा का? की फ्रेमच मापाची नाही?

चाकमोडी:
टायरमध्ये हवा किती भरता? टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तितकी भरायलाच हवी असं नाही. वजन कमी असेल तर हवाही कमी चालते. फ्रेममध्ये जागा असेल तर २८ किंवा ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर घाला, हातांना बसणारे हादरे लगेच कमी होतात.

सातवा गिअर:
हवेचं बरोबर आहे, पण स्टेमवर पैसे घालण्याआधी सीट बघा. तुमच्या प्रश्नातली कळीची गोष्ट म्हणजे ते खाली केलेलं टोक. हात दुखले की सगळे हँडलकडे बघतात, मात्र हातांवर किती वजन येणार हे बरंचसं सीट ठरवते. टोक खाली असलं की शरीर सतत पुढे घसरतं आणि ती घसरण तुम्ही तळव्यांनी थोपवत राहता. करंगळीच्या बाजूला तळव्याच्या बुडाशी अल्नर नस असते, ती हँडलवर दाबली जाते. म्हणून नेमक्या त्या दोन बोटांना मुंग्या. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असतं, तर मी आधी मनगट किती मुडपतंय ते पाहिलं असतं. कोपरं ताठ ठेवली की तोच भार खांद्यात चढतो.

सायकल सपाट जमिनीवर उभी करा, सीटवर एक सरळ फळी ठेवा आणि तिच्यावर पाणसळ. मोबाइलमधली लेव्हलही चालेल. आधी सीट सपाट करा. तरी टोचली तर ती उंच असेल किंवा तिची रुंदी तुमच्या बैठकीच्या हाडांना जुळत नसेल. टोक खाली करणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

मग सीट तिच्याखालच्या रेल्सवर (दोन दांड्यांवर) ५ मिलिमीटर मागे घ्या. हँडल लांब गेल्यासारखं वाटेल, पण तोल पायांवर येतो. ट्रेनर (सायकल जागीच चालवायचा स्टँड) असेल तर त्यावर मध्यम जोराने पेडल मारत हात हँडलपासून जेमतेम सुटे करा. धड पुढे कोसळत असेल, तर वजन अजून हातांवरच आहे. सीट मागे गेली की पायाला अंतर वाढतं, म्हणून उंची एखाद-दोन मिलिमीटर उतरवा. हे करण्याआधी सीटपोस्टवर चिकटपट्टीची खूण ठेवा. आणि एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही.

रानवाट:
सीट सपाट करून मागे घेतली. आजच्या राइडला मुंग्या जवळजवळ नव्हत्या, खांदेही हलके वाटले! कंबर मात्र तशीच.

सातवा गिअर:
छान वाटलं वाचून! आता कोणाला तरी मागून व्हिडिओ काढायला सांगा. पेडल मारताना नितंब डावी-उजवीकडे झुलत असतील तर सीट उंच आहे, आणि ती झुलण कंबर सोसतेय. ढोबळ माप असं: पेडल तळाला असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा नुकता सरळ व्हावा, नितंब न कलंडता. दुसरं म्हणजे चढावर जड गिअर रेटू नका. हलक्या गिअरवर मिनिटाला ८०–९० फेरे मारा. वाकायचं ते खुब्यातून, पाठीला पोक काढून नाही. हूड्स (ब्रेक लिव्हरवरच्या रबरी मुठी) इतके हलके धरा की करंगळी सहज उचलता यावी.

एवढं करूनही हँडल खोल वाटलं तर स्टेमच्या वरचा स्पेसर (नळीवरची कडी) स्टेमच्या खाली घ्या, म्हणजे हँडल वर येईल. फोर्कची नळी मापाने कापलेली असते, त्यामुळे वर स्पेसर नसेल तर स्टेम आणखी वर नेता येत नाही; तेव्हा स्टेम उलटा लावून बघा. कसताना आधी वरच्या टोपीचा बोल्ट, मग स्टेमचे बाजूचे. क्रम उलटा झाला तर हेडसेट (हँडल जिथे फिरतं तिथलं बेअरिंग) ढिला राहतो.

चाकमोडी:
बोटं राइडनंतरही दिवसभर बधिर राहिली किंवा पकड कमी झाली, तर सीट बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. कंबरेची कळ पायात उतरली तरीही.

रानवाट:
पकड ठीक आहे. स्टेमच्या वर दोन स्पेसर दिसतायत. आधी व्हिडिओ काढून सीटची उंची बघते, स्पेसरला नंतर हात लावेन.