विषय: दयेचा अर्ज आणि आपल्या सह्या

प्रेषक: मंडळ सचिव

नमस्कार मंडळी,
येरवडा तुरुंगातल्या, फाशीची शिक्षा झालेल्या त्या महिला कैद्याचं अपील सर्वोच्च न्यायालयात फेटाळलं गेलंय. सह्यांचं पत्र मंडळाच्या नावानं थेट राष्ट्रपतींकडे पाठवायचं का? वकिलांसाठी निधीही गोळा करू म्हणते.

प्रेषक: पुण्याहून

ताई, सह्या घ्या, पण तो दयेचा अर्ज धरला जाणार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ४७२ प्रमाणे अर्ज स्वतः कैदी, तिचे वारस किंवा नातेवाईक करू शकतात, मंडळ नाही. मुदत ३० दिवसांची, आणि ती निकालाच्या तारखेपासून नाही, तर तुरुंग अधीक्षक तिला निकाल कळवतात त्या दिवसापासून मोजायची. म्हणून सगळ्यात आधी त्या कळवल्याच्या कागदाची तारखेसह प्रत घरच्यांनी मिळवावी. आधी राज्यपालांकडे गेलात तर तिथल्या नकारानंतर राष्ट्रपतींसाठी ६० दिवस. फेरविचार याचिकेचे ३० दिवस मात्र निकालापासून. फाशीच्या प्रकरणात त्या याचिकेची सुनावणी खुल्या कोर्टात होते, २०१४ पासून.

निधीचं जपून. मंडळ परदेशात नोंदलेलं, त्यामुळे त्याचे पैसे ही परदेशी देणगी. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेला पाठवलेत तर ती संस्थाच अडचणीत येईल. आणि वकील? महिलेला आणि कोठडीतल्या माणसाला विधी सेवा कायद्याखाली तो मोफत मिळतो. अडतं ते कागदांपाशी: शाळा सोडल्याचा दाखला (वयासाठी), दवाखान्याचे केसपेपर, तुरुंगातल्या वर्तणुकीचा अहवाल. यातलं मराठी सगळं इंग्रजीत करावं लागतं. तुमच्यातले चार जण नीट भाषांतर करतील तर ते हजार सह्यांपेक्षा कामाचं.

प्रेषक: मंडळ सदस्य

लहान मुलांना पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींची फाशी उशिरामुळेच रद्द झाली ना? मग इतकी घाई कशाला?

प्रेषक: पुण्याहून

काका, तो उशीर सरकारचा होता, म्हणून मोजला गेला. आपण लावलेला कोर्ट धरत नाही. त्यांच्या दयेच्या अर्जावर ७ वर्षं १० महिने १५ दिवस गेले, फाइल नुसती या टेबलावरून त्या टेबलावर. गुन्हा अमानुष होता असं म्हणूनही मुंबई उच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०२२ ला फाशीची जन्मठेप केली. सुटका मात्र दिली नाही, हेही पत्रात लिहा, नाहीतर लोक ‘सोडून दिलं’ म्हणतात.

हा उशीर सिद्ध करायचा तर अर्ज पाठवल्यापासूनचा प्रत्येक जावक क्रमांक हवा. माहिती अधिकारात १० रुपयांत विचारता येतं, पण फक्त भारतीय नागरिकाला. ओसीआय कार्डवाल्यांनी (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक) अर्ज करू नये, तो परत येईल. तिऱ्हाइताला ‘खासगी माहिती’ म्हणून नकारही मिळू शकतो, तेव्हा घरच्यांच्या सहीनंच टाका.

ताई, भाषांतर करणाऱ्यांची नावं तेवढी लवकर कळवा. केसपेपरवरचं डॉक्टरांचं अक्षर लागायलाच दोन दिवस जातात.