पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा जमाखर्च (अनुभव धागा)

चिंचवडकर

आमच्या विभागातील एक ज्येष्ठ सहकारी नुकतेच ५८ वर्षे पूर्ण करून निवृत्त झाले. १९९७ पासूनची सलग नोकरी, शेवटचा पगार चांगला, भविष्यनिर्वाह निधीची रक्कमही समाधानकारक. परंतु पेन्शनचा आदेश हाती आला, तेव्हा त्यावर महिना चार हजारांच्या जेमतेम वरचा आकडा होता. त्यांना धक्का बसला, पण हिशेब बरोबर होता. भविष्यनिर्वाह निधीसाठीच्या कंपनीच्या १२ टक्के वाट्यातील ८.३३ टक्के ईपीएसकडे, म्हणजे १९९५ च्या पेन्शन योजनेकडे वळतात खरे, पण ते प्रत्यक्ष पगारावर नव्हे, तर १५,००० रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,२५० रुपये. पेन्शन काढताना तीच मर्यादा सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात आणि सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या वर्षांसाठी ती ६,५०० रुपयेच धरली जाते. प्रत्यक्ष पगारावरील वाढीव पेन्शनचा पर्याय ज्यांनी घेतलेला नाही, अशा आम्हा सर्वांचे गणित हेच आहे.

त्या दिवशी घरी परतताना मला लालबागची आमची खोली आठवली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा वडील ४२ वर्षांचे होते आणि साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला होते. त्यांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडलीच नाही. आईने खानावळ सुरू केली. स्वयंपाकाच्या जागेमागच्या भिंतीवर ती प्रत्येक गड्याच्या नावापुढे कोळशाने खाड्यांच्या रेघा ओढीत असे. महिनाअखेरीस त्या रेघा मोजून पैसे वळते व्हायचे आणि मग भिंतीला चुन्याचा हात फिरायचा. तिचे उत्पन्न दरमहा वेगळे असे, पण भिशीचा हप्ता तिने कधी चुकवला नाही.

मी आज ५१ वर्षांचा आहे. गुणवत्ता विभागात ग्राहक कंपनीचे ऑडिट जवळ आले की आठ-आठ दिवस झोप लागत नाही, गृहकर्ज संपायला अजून वर्षे आहेत आणि मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ५८ पर्यंत नोकरी टिकेल असे धरून आपण सारे आडाखे बांधतो. ती मध्येच थांबली तर काय चालू राहील आणि काय बंद पडेल, याचा विचार आपण कसा केला आहे, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

गोदाकाठची शिक्षिका

भिंतीवरच्या खाड्यांचे वाचून डोळे भरून आले. आपल्या आईंना नमस्कार.

आमच्या शाळेत दोन शिक्षिका एकाच वर्गाच्या दोन तुकड्यांना शिकवतात. एकीची नेमणूक नोव्हेंबर २००५ च्या आधीची, दुसरी म्हणजे मी, २००७ ची. तिला जुनी पेन्शन आहे. माझ्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम दरमहा कापली जाते, शासन १४ टक्के घालते, आणि पुढे किती मिळेल हे बाजारावर अवलंबून आहे. जुन्या पेन्शनसाठीच्या मार्च २०२३ च्या संपात आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. तिचा स्वतःचा काहीच प्रश्न नव्हता, तरी ती आली, हे मी विसरणार नाही.

माझा ताण मात्र पेन्शनपेक्षा कामाचा अधिक आहे. शिकवण्याचा कंटाळा मला कधीच आला नाही. ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामे आणि रात्री साडेनऊला मोबाइलवर येणारे ‘तात्काळ’ आदेश यांनी जीव मेटाकुटीला येतो. यजमानांचे अंबडला लहानसे वर्कशॉप आहे, तेथे कामाच्या ऑर्डरींचा भरवसा नसतो. त्यामुळे घराचा हप्ता, किराणा आणि विमा फक्त माझ्या पगारातून आणि बचत फक्त त्यांच्या उत्पन्नातून, अशी विभागणी आम्ही केली आहे. त्यांचा महिना कोरडा गेला तर त्या महिन्यात बचत होत नाही, पण घर अडत नाही. या एका व्यवस्थेने आमच्यातील निम्मे वाद संपले.

कृष्णाकाठ

मी बीएसएनएलमधून ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या दिवशी देशभरातून सुमारे ७८ हजार जण एकदम बाहेर पडले. माझे वय तेव्हा ५३ होते. झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी २५ दिवसांचा पगार, असे सानुग्रह रकमेचे सूत्र होते. दूरसंचार खात्यातून आलेलो असल्याने पेन्शनही सुरू झाली. पुढच्या दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि मनात आखलेले सगळे बेत जागच्या जागी राहिले.

पैशांबाबत एकच गोष्ट सांगतो. हाती मोठी रक्कम आली की नातलग, ओळखीचे, विमा प्रतिनिधी, सर्वांना आपला पत्ता आठवतो. मी पत्नीशी ठरवले होते की सहा महिने ही रक्कम बँकेच्या साध्या मुदत ठेवीतून हलवायची नाही आणि कोणी विचारलेच तर ‘मुलाच्या शिक्षणासाठी ठेवली आहे’ एवढेच सांगायचे. त्या सहा महिन्यांत आलेल्या प्रस्तावांपैकी एका जागेच्या व्यवहाराचा खटला अजून कोर्टात आहे.

कामाच्या ताणाविषयी लिहावे तर पावसाळ्यात केबल तुटली की रात्री-अपरात्री खड्ड्यात उतरून जोड शोधावा लागे, पण त्याचा शीण सकाळी उतरत असे. निवृत्तीनंतर पहिली दोन वर्षे सकाळी दहा वाजले की जी अस्वस्थता येई, ती मला त्याहून जड गेली. त्याची तजवीज कोणत्याही ठेवीत होत नाही. आता तालुक्यातील एका वाचनालयाचा हिशेब पाहतो, मानधन नाममात्र आहे.

माणदोर

कृष्णाकाठकाका, आपण ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत रक्कम का ठेवली नाही? माझ्या वडिलांना तिथे ८.२ टक्के मिळतात आणि दर तिमाहीला व्याज खात्यावर येते.

कृष्णाकाठ

ताई, ती योजना ६० नंतरची. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ५५ पासून सवलत आहे, पण मी ५३ चा असल्याने त्यातही बसलो नाही. ६० पूर्ण होताच पहिला अर्ज तिथेच करणार आहे. मर्यादा २०२३ पासून १५ लाखांवरून ३० लाखांवर गेली आहे आणि पत्नीचे वय भरल्यावर तिच्या नावाने वेगळे खाते उघडता येईल. तोपर्यंत काही रक्कम पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत संयुक्त खात्यावर ठेवली आहे. तेथे दोघांची मिळून मर्यादा १५ लाख आहे.

कापूसपट्टा

आपण सर्व नोकरदार आहात, म्हणून दुसरी बाजू लिहितो. माझे जळगाव जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र आहे. जून-जुलैमध्ये बियाणे आणि खत उधारीवर जाते आणि वसुली कापूस घरात आल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, सुरू होते. भाव पडलेला असला तर शेतकरी कापूस घरातच ठेवतो आणि माझी वसुली फाल्गुनापर्यंत लांबते. कंपनीला मात्र ठरलेल्या तारखेला पैसे द्यावेच लागतात. वर्षाची उलाढाल ऐकून लोकांना वाटते की माणूस श्रीमंत आहे. त्यातील किती रक्कम वहीतच अडकलेली आहे, हे फक्त मला आणि माझ्या पत्नीला ठाऊक असते.

आम्हाला ना ग्रॅच्युइटी, ना भविष्यनिर्वाह निधी. वडिलांनी १९९० च्या दशकात पीपीएफ, म्हणजे नोकरी नसतानाही उघडता येणारे सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते उघडले, तेव्हा त्यावर १२ टक्के व्याज होते. आज माझ्या खात्यावर ७.१ टक्के आहे. त्यांच्या पिढीने केवळ पैसे ठेवून जे मिळवले, ते आम्हाला तेवढ्याच बचतीत मिळणार नाही, ही गोष्ट घरातील थोरांना समजावणे फार कठीण जाते. तरीही मी ते खाते सोडलेले नाही, कारण ती रक्कम कोर्टाच्या आदेशानेही जप्त होत नाही, आणि ज्याचा धंदा उधारीवर चालतो त्याच्यासाठी ही बाब व्याजाच्या दराइतकीच मोलाची आहे. वसुलीचा पहिला पैसा येतो त्या आठवड्यातच वर्षाचे दीड लाख मी तिथे भरून टाकतो. नंतर भरू म्हटले की पुढच्या हंगामाचा माल समोर उभा राहतो.

चिंचवडकर

जप्तीविषयीचा मुद्दा माझ्या कधी ध्यानात आला नव्हता. मनःपूर्वक आभार, दादा.

माणदोर

माझे वय ४४, हिंजवडीत संगणक क्षेत्रात, अविवाहित, आईवडील माझ्याजवळ. अमेरिकेतील चमूशी रात्री अकरापर्यंत बैठका चालतात. गेल्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी काम कमी करा असे सांगितले, तेव्हा मी पहिल्यांदा बसून लिहून काढले की नोकरी सोडली तर पगाराशिवाय आणखी काय जाईल. आईवडिलांचा आरोग्य विमा जाईल, हे यादीत सर्वांत वर आले. ते दोघे कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत आहेत. त्यांचे वय आता ७० च्या पुढे, वडिलांना मधुमेह. बाहेर नवी पॉलिसी मिळाली तरी आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

म्हणून मी नोकरीत असतानाच त्यांची स्वतंत्र पॉलिसी घेतली. हप्ता जबर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी निघाला, तेवढाच आधार. थांबण्याचा काळ नोकरीच्या काळातच संपावा, एवढाच त्यामागचा हेतू आहे. तो संपला की मी व्यवस्थापकपद सोडून कमी पगाराची, पण माणसे सांभाळण्याची जबाबदारी नसलेली भूमिका मागणार आहे. माझ्या मैत्रिणी पन्नाशीत निवृत्त होण्यासाठी किती कोटी लागतील याची चर्चा करतात. मला पूर्ण निवृत्ती नकोच आहे. निम्म्या पगारात सन्मानाने काम करता येईल, एवढाच पाया मला तयार करायचा आहे.

गोदाकाठची शिक्षिका

ताई, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेत जा आणि रात्रीचे जेवण बैठकीआधी उरकत जा. माझ्या धाकट्या बहिणीचे हेच चालले आहे.

सत्तरीवरच्या आईवडिलांसाठी आयुष्मान भारतचे कार्ड उत्पन्नाची अट न लावता निघते. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. सर्व रुग्णालयांत ते चालत नाही, म्हणून पॉलिसी सोडू नका, पण कार्ड काढून ठेवा.

एडिसनहून

न्यू जर्सीत आम्हाला बरीच वर्षे झाली, पण आमची स्थिती माणदोरताईंनी लिहिल्याहून फार निराळी नाही. येथेही आरोग्य विमा नोकरीला बांधलेला आहे आणि मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, ६५ पर्यंत नाही. नवऱ्याची नोकरी ५२ व्या वर्षी गेली, तेव्हा पगाराआधी विम्याचीच चिंता लागली. ४०१(के), म्हणजे नोकरीतील निवृत्तीच्या बचत खात्यामध्ये, पुरेशी रक्कम होती, पण साडेएकोणसाठच्या आत काढली तर साधारणपणे कराशिवाय काढलेल्या रकमेवर आणखी १० टक्के दंड बसतो, त्यामुळे ती डोळ्यांसमोर असून उपयोगाची नव्हती. माझी शाळेतील नोकरी कमी पगाराची असल्याने ‘सोडून दे’ असे सर्वजण सांगत असत. त्या वर्षी सगळे घर माझ्या विम्यावर होते.

पुण्याला परतण्याचा विचार आहे. पण परतल्यावर दोन देशांतील पैशांचा कर कसा भरायचा, हे समजून घेण्यातच आमचे रविवार जात आहेत. कोणी अशा रीतीने परतले असल्यास कृपया लिहावे.

मिरजेची सून

सर्वांचे वाचत होते. आमच्या सासऱ्यांनी निवृत्तीची सगळी रक्कम एका सहकारी बँकेत ठेवली होती, कारण संचालक ओळखीचे होते. बँकेवर निर्बंध आले आणि विम्यातून मिळाले ते पाच लाख, तेही काही काळ थांबल्यावर. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पूर्वी एकच लाख होती. एका बँकेतील सर्व शाखांच्या आणि सर्व ठेवींच्या बेरजेवर ती लागते, आणि पतसंस्थेच्या ठेवींना तर हे विमा संरक्षण नाहीच. सासूबाई आता दर बँकेत व्याजासह पाच लाखांच्या आतच ठेवतात आणि पावत्यांच्या पाठीमागे मुदतीची तारीख पेन्सिलीने लिहितात. पावती मोडायची वेळ आली तर कोणती आधी मोडायची, याचा क्रमही त्यांनीच लावून ठेवला आहे.

कापूसपट्टा

ताई, आपल्या सासूबाईंचा क्रम आम्हालाही सांगा. सर्वांत कमी व्याजाची आधी मोडतात की लवकर पिकणारी?

मिरजेची सून

लवकर पिकणारी त्या मोडतच नाहीत. थोडे दिवस कळ काढतात किंवा तिच्यावर कर्ज उचलतात. मोडायचीच झाली तर नुकतीच ठेवलेली आधी मोडतात, कारण तिचे व्याज फारसे साठलेले नसते. मोठ्या रकमेची एकच पावती न करता लहान-लहान चार करायच्या, म्हणजे गरजेपुरतीच मोडता येते, हेही त्यांचेच. संध्याकाळी त्यांना विचारून आणखी काही असेल तर लिहिते.