अभिक्रियेला नाव कोणाचे: आधी करणाऱ्याचे की चालती करणाऱ्याचे?

धागाकर्ता:
सेंद्रिय रसायनशास्त्रातील अभिक्रियांना माणसांची नावे देण्याची प्रथा मला अन्यायकारक वाटते. हायड्रॅझिनच्या साहाय्याने कार्बोनिल गटाचे (दुहेरी बंधाने जोडलेल्या कार्बन-ऑक्सिजनच्या जोडीचे) क्षपण, म्हणजे ऑक्सिजन काढून त्या जागी हायड्रोजन आणणे, किझनेरने १९११ मध्ये प्रसिद्ध केले आणि वोल्फने १९१२ मध्ये. तरीही पाठ्यपुस्तकांत क्रम ‘वोल्फ-किझनेर’ असाच आहे. बोरोदिनने (होय, तोच संगीतकार) १८६१ मध्ये सिल्व्हर ॲसिटेट आणि ब्रोमीनपासून मेथिल ब्रोमाइड मिळवले, पण ती अभिक्रिया आज बहुधा हुन्सडीकर या जर्मन दांपत्याच्या नावाने शिकवली जाते. त्यापेक्षा काय घडते ते सांगणारी वर्णनात्मक नावे वापरावीत.

प्रतिसाद १:
वर्णनाने काम भागत नाही. क्लेमेन्सन आणि वोल्फ-किझनेर या दोन्ही अभिक्रियांत कार्बोनिलचे मेथिलीन (CH₂ गट) होते, म्हणजे तुमच्या पद्धतीने दोन्हींचे नाव एकच ठरेल. पण पहिलीत झिंक अमाल्गम (पाऱ्यातील जस्त) आणि हायड्रोक्लोरिक आम्ल लागते, दुसरीत तीव्र आम्लारी, आणि रेणूत आम्लाने तुटणारा ॲसिटाल हा गट असेल तर सारे काही याच फरकावर अवलंबून असते.

शिवाय ‘जो पहिला तो मानकरी’ हा निकषच मला पटत नाही. फ्रान्समधील लियोंमध्ये बार्बियेने १८९९ मध्ये मॅग्नेशियम, मेथिल आयोडाइड आणि कीटोन (कार्बोनिल गट असलेले संयुग) एकाच भांड्यात घातले. पद्धत बेभरवशाची ठरली, तेव्हा तो विषय त्याने ग्रिन्यार या आपल्या विद्यार्थ्याकडे सोपवला. ग्रिन्यारने कोरड्या ईथरमध्ये मॅग्नेशियमचे संयुग आधी बनवले आणि कीटोन नंतर घातला. बदल एवढाच, पण त्यामुळे ही पद्धत हुकमी झाली. १९१२ च्या नोबेलमधला त्याचा वाटा रास्तच होता.

धागाकर्ता:
ग्रिन्यारचे उदाहरण तुमच्या सोयीचे आहे. पॅलेडियमच्या मदतीने दोन रेणूंचे कार्बन जोडणाऱ्या अभिक्रियेवरचा मिझोरोकीचा लेख १९७१ चा, हेकचा १९७२ चा, आणि दोघांच्याही हाती पॅलेडियमच होते. मिझोरोकी १९८० मध्ये वारले, २०१० चे नोबेल हेकना मिळाले आणि अनेक जण आजही नुसतेच ‘हेक अभिक्रिया’ म्हणतात. यात हुकमीपणाचा प्रश्न कुठे आला?

प्रतिसाद २:
फ्लॅव्होन (वनस्पतींत आढळणाऱ्या संयुगांचा एक वर्ग) बनवताना उपयोगी पडणारी ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ही पाहावी. वेंकटरामन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले, म्हणून आपल्याकडे हे नाव अभिमानाने घेतले जाते. पण १९३३ च्या त्यांच्या लेखावर आधी त्यांचे विद्यार्थी महाल यांचे नाव होते, ते गळले. लियोंमध्ये विद्यार्थ्याचे नाव टिकले, येथे मार्गदर्शकाचे. म्हणून नावे जरूर ठेवावीत. शिकवताना मात्र ‘मिझोरोकी-हेक’ असे पूर्ण म्हणावे आणि महालांचाही उल्लेख करावा, ज्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.