पेलीच्या घड्याळाआधीचा कुंभार

भाऊ, घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणार, तसा जगालाही निर्माता असणार, हा इंग्रज धर्मशास्त्रज्ञ विल्यम पेलीचा युक्तिवाद. त्याला स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने उत्तर दिलं, हे म्हणणं कालक्रमाने उलटं आहे. ह्यूमचे धर्मावरचे संवाद १७७९ चे, पेलीचं पुस्तक १८०२ चं. आपल्याकडे तर हा वाद कितीतरी जुना. घडा आहे म्हणजे कुंभार असणार, तसा जगालाही कर्ता असणार, हे नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचं म्हणणं. त्यावर मीमांसक, म्हणजे वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतल्या कुमारिल भट्टांचा प्रश्न: त्या कर्त्याला शरीर आहे का? नसेल तर तो घडवणार कसा, असेल तर ते शरीर कुणी घडवलं? मला हा आक्षेप ह्यूमपेक्षाही नेमका वाटतो.

आणि अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात १९१६ पासून ज्या वेदान्ताचा अभ्यास झाला, त्यातले शंकराचार्यही नुसत्या अनुमानाने, म्हणजे तर्काने, ब्रह्म सिद्ध होतं असं मानत नाहीत. आपल्या खान्देशातल्या पोरांनी हे आधी वाचावं.