बेडकांवर मीठ टाकणं ‘नैसर्गिक’ कधीपासून झालं?

पागोळी
परवा ‘मुळशीचा वारा’ यांनी इथे लिहिलं की फार्महाऊसच्या पूलमध्ये बेडूक येऊ नयेत म्हणून ते काठाभोवती जाडं मीठ आणि चुन्याची भुकटी टाकतात, कोपऱ्यांत डांबरगोळ्या ठेवतात, आणि हा ‘शंभर टक्के नैसर्गिक, बिनकेमिकल’ उपाय आहे. खाली धडाधड अंगठे पडले. दोन दिवस गप्प बसून पाहिलं, राहवलं नाही.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून घेतो. त्या ओल्या कातडीला मीठ लागलं की अंगातलंच पाणी ओढून निघतं. चुना तर सरळ भाजतो. आणि डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन, ती नैसर्गिक कुठल्या हिशेबाने? शिवाय पहिली जोरदार सर आली की हे सगळं वाहून निम्मं बागेत जातं, निम्मं पूलमध्ये. चुन्याने पाण्याचा पीएच वर चढतो, मग तो खाली आणायला ॲसिड ओता.

आमचं घर दापोली तालुक्यात. पूल ७ बाय साडेतीन मीटर, सरासरी १.३ मीटर खोल, म्हणजे सुमारे ३२,००० लिटर पाणी. पहिल्या जूनमधली एक सकाळ अजून डोळ्यांसमोरून जात नाही. स्किमरचं, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या काठच्या खणाचं, झाकण उचललं तर जाळीत पाच भेक, म्हणजे खरबरीत कातडीचे बेडूक (टोड), एकमेकांवर. तीन मेलेले, पोटं टम्म. चौथा उलटा. पाचवा पुढचे दोन्ही पाय जाळीच्या कडेवर रोवून उभा होता, गळ्याची कातडी लकलक हलत होती, बाकी अंगात काही उरलं नव्हतं. शिडीच्या पायरीला पारदर्शक दोऱ्यात ओवलेल्या काळ्या मण्यांसारखी अंड्यांची लांबच लांब माळ गुंडाळलेली. रात्रभर त्यांनी भिंतीवर उड्या मारल्या असणार. आपल्या पूलची भिंत सरळसोट, टाइल गुळगुळीत, वर काठाचा दगड दोन बोटं पुढे आलेला. तिथून भेक वर येणार कसा?

त्यानंतर काय केलं ते सांगते. १ जूनपासून पाण्यातले दिवे बंद, अंगणात फक्त फाटकाशी एक मंद पिवळा दिवा. पांढऱ्या दिव्यावर किडे जमतात आणि किड्यांमागे भेक, एवढं साधं आहे ते. पूलभोवती हिरवी शेडनेट, जमिनीवर ६० सेंटीमीटर, खाली वीतभर मातीत गाडलेली, वरची कड बाहेर वाकवलेली. चारही कोपऱ्यांत काथ्याच्या चटईची पट्टी, एक टोक काठावर खिळलेलं, दुसरं पाण्यात, म्हणजे आत पडलेला चढून बाहेर येतो. पंप दिवसाच चालवते, रात्री स्किमरची ओढ नको. आणि पंचवीस पावलांवर, केळीच्या आळ्यांचं पाणी जातं तिथे, उथळ उताराचं एक डबकं खणून दिलं. पहिल्या वर्षी एका सकाळी २३ मोजून बादलीत भरले होते. गेल्या पावसाळ्यात अख्ख्या जुलैत सात. सातही जिवंत.

मुळशीचा वारा
ताई, माझ्यावरच लिहिलंय तर उत्तर देतो. तुमचं राहतं घर आहे, माझा धंदा आहे. शनिवार-रविवारचे १८,००० मोजून आलेली माणसं सकाळी पूलमध्ये अंड्यांची माळ बघून ओरडतात, फोटो काढतात आणि एक तारा देऊन जातात. तो तारा काढायला मला सहा महिने लागतात. रात्रभर डरांव डरांव चालू, झोप झाली नाही म्हणून पैसे परत मागणारेही भेटलेत. पूलचे दिवे बंद करा म्हणता, लोक संध्याकाळी त्या निळ्या पाण्याच्या फोटोसाठीच येतात!

मी एकही बेडूक हाताने मारलेला नाही. मीठ दिसलं की तो वळून जातो. त्याला मारणं म्हणत असाल तर घरात फिनेल टाकणारी प्रत्येक बाई खुनी ठरेल.

पागोळी
वळून जातो हे तुम्ही पाहिलंत का? रात्री, पावसात, टॉर्च घेऊन? मी पाहिलंय. शेजारच्या बंगल्यावर. भेक मिठावर बसला की आधी डोळे आत ओढून घेतो, मग जागच्या जागी मागचे पाय झाडतो. वळायचं त्याला सुचत नाही.

चार वर्षांच्या मुलाची आई
मला मध्ये बोलायचंय, कारण तुम्ही दोघं बेडकांवर भांडताय आणि सापांचं कोणी बोलत नाही. आमच्याकडे पनवेलजवळ सासऱ्यांनी हौसेने छोटा पूल बांधला. गेल्या ऑगस्टमध्ये पायऱ्यांवर दिवड बसलेली. मुलगा तिच्यापासून दोन हातांवर होता. सर्पमित्र आले, म्हणाले बिनविषारी आहे, बेडूक खायला आलीय. बिनविषारी असो नाहीतर अमृताची, माझे हातपाय गळाले. त्या दिवसापासून माझं गणित सरळ आहे. बेडूक नकोत, साप नकोत. पागोळीताई पंचवीस पावलांवर मुद्दाम डबकं खणतात, म्हणजे सापाला ताट वाढून ठेवल्यासारखंच की.

पागोळी
तुमची भीती खरी आहे, तिला मी नाही म्हणत नाही. डबकं पूलपासून लांब ठेवायचं कारणच ते आहे. बेडूक तिकडे गेले की दिवडही तिकडेच जाते. पूलपाशी बेडूक अडकून पडले तर ती पूलपाशी येणार. आणि धामण, नाग बेडकांइतकेच उंदरांमागेही येतात. उघडी कचराकुंडी, कोंबड्यांचं खाद्य, विटांचा ढीग, हे आधी बघा. मूल लहान असेल तर मात्र डबकं खणूच नका. वीतभर पाणीही लहान मुलाला धोक्याचं. शेडनेट आणि दिवे एवढंच करा.

शापोऱ्याकाठचा
इथे बेडूक जास्त झाले म्हणून रडारड चाललीय, म्हणून सांगतो. आमच्या गोव्यात पहिल्या पावसाच्या रात्री शेतात बॅटऱ्या फिरतात. बेबो पकडायला. मोठा बेडूक त्या दिवसांत लिंबासारखा पिवळा होतो, गळ्याला निळ्या पिशव्या, विणीसाठी साद घालायला उघड्यावर येतो आणि तिथेच पोत्यात जातो. ‘जंपिंग चिकन’ म्हणून ताटात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्येच बंद झाली, वनखातं दर पावसाळ्यात बजावतं. तरी चालूच. माझ्या मामाच्या घरी लहानपणी मीही खाल्लेत, लपवत नाही. आज त्याच शेतात जूनमध्ये उभा राहिलो तर पूर्वी कान बसायचे तिथे चार-पाच आवाज येतात. मुळशीकर, डरांव डरांवने तुमच्या पाहुण्यांची झोप मोडते, माझी तो आवाज नसल्याने मोडते.

सातबारा
सिन्नरकडून लिहितोय. मला तुमच्या बेडकांशी घेणं नाही. पूल किती मोठा, ते सांगा मुळशीकर.

मुळशीचा वारा
१० बाय ५, सरासरी १.४ खोल. का?

सातबारा
म्हणजे ७०,००० लिटर. दहा हजारी सात टँकर. आमच्या वस्तीवर एप्रिलमध्ये एक टँकर एक दिवसाआड येतो, त्यावर चाळीस घरं. बायका हंडे लावून दोन तास उभ्या. आणि इथे लोक त्या पाण्यात बेडूक आला म्हणून हैराण.

मुळशीचा वारा
पाणी मी विकत घेतो. चोरत नाही. आणि एकदा भरलेलं पाणी फिल्टर करून वर्षानुवर्षं वापरतो, दर महिन्याला ओतून देत नाही. तुमच्या गावचा टँकर मी अडवलेला नाही. प्रत्येक चर्चेत दुष्काळ आणून समोरच्याला गुन्हेगार ठरवायची सवय सोडा.

सातबारा
विकत घेता ते कुणाच्या तरी विहिरीतूनच उपसतात ना? ती विहीर ज्याची, तो पैसे घेतो. शेजारच्याची विहीर आटते, त्याला कोण देतं? माझ्या चुलत्याची अशीच आटली. शेजाऱ्याने दिवसाला बारा टँकर भरू दिले, मे उजाडायच्या आत चुलत्याची मोटर गाळ ओढायला लागली. डाळिंबं तोडून टाकली त्याने. हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही.

चार वर्षांच्या मुलाची आई
विषय काय, चाललंय काय!

पागोळी
असू दे, बोलू द्या त्यांना. सातबारा, मी माझा पूल पागोळ्यांच्या पाण्याने भरते. छपराचं पाणी पन्हळीने टाकीत आणि टाकीतून पूलमध्ये, जुलैअखेर भरतो. पण हे दापोलीत जमतं, सिन्नरात जमणार नाही, हे कळतं मला. टँकरने पूल भरण्याला माझ्याकडे उत्तर नाही, त्यात तुमचंच बरोबर आहे.

ब्रिस्बेनकर
मी पुण्याचा, राहतो क्वीन्सलंडमध्ये. इथे बरोबर उलटं आहे. उसातले भुंगेरे खायला १९३५ मध्ये हवाईतून केन टोड आणले, ते भुंगेरे राहिले बाजूला, टोडच उत्तर ऑस्ट्रेलियाभर पसरले. तो विषारी, त्याला खाऊन इथले साप आणि क्वॉल (मांजराएवढा पिशवीवाला शिकारी प्राणी) मरतात. आम्ही पूलमधून टोडच्या अंड्यांच्या माळा बाहेर काढून उन्हात वाळवतो आणि ते योग्यच आहे. तेव्हा सगळे बेडूक वाचवा असा सरसकट उपदेश नको. बाकी तुमचं जाळीचं माप बरोबर. ५० सेंटीमीटरवरून केन टोड जात नाही.

पागोळी
तो तिथला परका प्राणी. आमच्या पूलमधला भेक आणि दापोली एकमेकांना आधीपासून ओळखतात, परका तो पूल आहे. जाळीत मात्र एक खोट आहे, ती मीच सांगते. झाडबेडूक तिला जुमानत नाहीत. बोटांच्या टोकांना चकत्या असतात, काचेवरही चढतात. पाण्याच्या वर भिंतीला फेसाचा गोळा चिकटवून त्यात अंडी घालतात. तो गोळा दिसला की केळीच्या पानाच्या तुकड्यावर अलगद उचलून डबक्यावरच्या फांदीला लावायचा. पिल्लं आपोआप खाली पाण्यात पडतात. चार वेळा केलंय, तीनदा जमलं.

मुळशीचा वारा
मग सॉल्ट पूल करून टाकू? त्यात क्लोरीन नसतं म्हणतात, म्हणजे तुमचे बेडूकही सुखी.

पागोळी
विकणारे तसं सांगतात. त्या यंत्रात मिठापासून क्लोरीनच तयार होतं. बेडकाला दोन्ही सारखेच. आणि एक विनंती, पावसाळ्यात पूल बंद ठेवत असाल तर हिरवा सोडून देऊ नका, मोरचूदही ओतू नका. ताडपत्री घालणार असाल तर ताणून बांधा. खळग्यात साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंगीचे डास उडायला लागतात.

सातबारा
पागोळीताई, तुम्ही भिंतीवर उड्या मारणाऱ्या भेकाचं लिहिलंत ते रात्री परत वाचलं. आमचं शेततळं ३० बाय ३० मीटरचं, २०१६ ची योजना आली तेव्हा खणलेलं, आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. शेवाळ धरलं की त्या उतारावर माणूस उभा राहू शकत नाही. पडला की नखांनी कागद ओरबाडतो, पण वर येत नाही. दरसाल ऐकतो, इथलं पोर गेलं, तिथला गडी गेला. माझ्या तळ्यात दोन वर्षांपूर्वी कोल्हा मेला. त्याच्या नख्यांच्या रेघा कागदावर अजून आहेत, पाण्यापासून हातभर वरपर्यंत. मी त्या रेघा बघून कागद फाटला का एवढंच तपासलं होतं.

शापोऱ्याकाठचा
कुंपण नाही केलं?

सातबारा
केलं. तारेचं. कोल्हा खालून आला. दोर सोडायला सगळे सांगतात, आम्हीही एक सोडला होता, नायलॉनचा. उन्हाने कुजून तुटला, परत बांधायचं राहिलं.

मुळशीचा वारा
पोरांच्या जिवाचं ऐकून बरं नाही वाटलं. त्यावर वाद नाही घालत. टँकरवरचं माझं म्हणणं कायम आहे.

आणि पागोळीताई, मीठ बंद केलंय. तुमच्या लेखामुळे नाही, मिठाने शिडीच्या स्टीलला गंज धरला आणि काठाच्या फरशीचे जोड सुटायला लागलेत, मिस्त्रीने बघूनच सांगितलं. दिवे रात्री दहानंतर बंद ठेवून पाहतो, तोवर फोटो काढून होतात. चटईच्या पट्ट्या पाहुण्यांना विचित्र दिसतील, तरी एका कोपऱ्यात लावतो. एकाच.

पागोळी
एकच असेल तर स्किमरच्या बाजूला लावा, वाहत ते तिकडेच जातात.

सातबारा
कागदावर काथ्याची चटई टिकेल का? खिळा ठोकता येत नाही.

पागोळी
नाही टिकणार, ओली झाली की घसरेल. जुने टायर घ्या, स्कूटरचे चालतील, ट्रॅक्टरचे नकोत, वजनाने कागद ताणतो. जाड दोराने एकाला एक बांधून साखळी करा आणि काठावरच्या खुंटीपासून तळापर्यंत उतारावर सोडा. टायर कागदाला कापत नाही, माणसाला पाय ठेवायला जागा होते, कोल्ह्याला नखं रोवायला. चारही बाजूंना हवी, पडणारा कुठून पडेल सांगता येत नाही. मध्ये नायलॉनची जाळी बांधू नका, त्यात साप आणि बेडूक दोघंही अडकतात. दोर दर वर्षी मेमध्ये बदला, पाणी तळाला असतं तेव्हा.

सातबारा
पंक्चरवाल्याकडे नऊ टायर आहेत. एका बाजूला पाच लागतील असं वाटतंय. आज एक बाजू करतो, उरलेले चार जपून ठेवतो.