गणपती कार्यक्रम : तारापोर यांच्यावरचं भाषण

स्नेहा ए-४०२: सगळ्यांना नमस्कार. उद्या आमच्या धाकटीचं भाषण आहे, लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, परमवीर चक्र, १९६५. फॉरवर्डमध्ये लिहिलंय "एकट्याने ६० रणगाडे उडवले". तसंच पाठ करून घेऊ का? रिसालदार काका, तुम्ही बघता का एकदा?

सेक्रेटरी: भाषण ३ मिनिटं. दोन्ही विंगची आरती ७.३० ला आहे, कृपया लक्षात घ्यावे.

रिसालदार काका सी-१०३: ते वाक्य आधी काढ गं. ६० हा आकडा अख्ख्या पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचा. ते रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर होते. कुठली स्क्वाड्रन, म्हणजे रणगाड्यांची तुकडी, कुठून घालायची, कधी थांबायचं, हे ठरवायचं त्यांनी. ११ सप्टेंबरला पाकिस्तानातल्या सियालकोट भागात फिलोरा गावावर मागून चालून जाताना वझीरवलीकडून शत्रूचे रणगाडे अंगावर आले. ते जागचे हलले नाहीत, आणि एक स्क्वाड्रन व पायदळ घेऊन फिलोरावर हल्लाही चढवला. तिथंच जखमी झाले. मागं न्यायला निघाले तर नकार. त्यानंतर १४ ला वझीरवली, १६ ला जस्सोरान आणि बुतूर-डोग्रांदी. तिथंच त्यांना वीरमरण आलं.

निखिल बी-२०१: पण पुण्याशी काय संबंध? नाव पारशी, जन्म मुंबईचा ना?

रिसालदार काका सी-१०३: शिक्षण पुण्यात, सरदार दस्तूर शाळेत. पुढं हैदराबाद संस्थानच्या फौजेत, आधी पायदळ, मग घोडदळाच्या पलटणीत. १९५१ मध्ये पूना हॉर्समध्ये आले. ही रेजिमेंट १८१७ सालची, पेशव्यांबरोबरच्या तहातून उभी राहिलेली. १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत पडलेले अरुण खेत्रपालही तिथलेच, आणि तेही परमवीर. खेत्रपालांचा जन्म पुण्यातला.

बी-३०४ काकू: अगंबाई, हे कधी कुणी सांगितलंच नाही. पारशी म्हणजे दोखमा ना, मृतदेह गिधाडांसाठी ठेवायचा मनोरा?

रिसालदार काका सी-१०३: तेच भाषणात घ्या. पडलो तर मला रणांगणावरच अग्नी द्या, असं त्यांनी आधीच त्यांचे सहकारी मेजर चीमांना सांगून ठेवलं होतं. प्रार्थनेचं पुस्तक आईला, साखळी बायकोला, अंगठी मुलीला, फाउंटन पेन मुलाला. वाटणीसुद्धा करून ठेवली होती माणसानं.

निखिल बी-२०१: मग सियालकोट भागातलंच चाविंडा गाव आपण जिंकलं का? शाळेत तसंच लिहिलेलं आठवतं.

रिसालदार काका सी-१०३: नाही. फिलोरा घेतलं, चाविंडा मिळालं नाही, पुढं युद्धबंदी झाली. लपवायचं कशाला? त्यांचं मोठेपण त्यानं कमी होत नाही.

सेक्रेटरी: पार्किंगमध्ये मंडपामागे लावलेली पांढरी गाडी कोणाची? आत्ता काढा.

निखिल बी-२०१: माझी. येतोय खाली.

स्नेहा ए-४०२: काका, मग ६० पूर्णच काढू का? पोरीला तेवढंच पाठ झालंय.

रिसालदार काका सी-१०३: ठेव की. फक्त "एकट्याने"च्या जागी "त्यांच्या रेजिमेंटने सुमारे" म्हणू दे. आणि आपले ९ रणगाडे गेले, तेही बोलायला सांग. त्यांच्यातही माणसं बसलेली होती.