मुलींना फी माफ, पण आमचं उत्पन्न ८ लाखांच्या वर! इंजिनिअरिंग प्रवेशासाठी सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

लेक यंदा बारावी झाली, सीईटीला ९१ पर्सेंटाइल. कॅपचा (सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीचा) ऑप्शन फॉर्म भरायचाय.

आम्ही परभणीचे, ओबीसी. हे जिल्हा परिषदेत वर्ग तीनला, मी घरी शिवणकाम करते. नॉन-क्रीमीलेअर सहज निघालं, कारण त्यात पगार धरत नाहीत. मुलींच्या फीमाफीचा ८ जुलै २०२४ चा जीआर आल्यापासून नात्यातले सगळे म्हणतायत, ‘तुमची पोर तर फुकट शिकणार!’ पण फीमाफीला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्यात पगार येतोच. फॉर्म १६ वर ८ लाख ६२ हजार. म्हणजे जागा ओबीसीतून, फी मात्र पूर्ण. ८ लाखांच्या आत शंभर टक्के माफ, वर गेलं की सगळी भरा. मधली पायरीच नाही! टीएफडब्ल्यूएसलाही (ट्यूशन फी माफ असलेल्या वेगळ्या जागांनाही) तीच अट.

पुण्यातल्या एका खाजगी कॉलेजात फीचा कागद हातात दिला: ट्यूशन १ लाख ३४ हजार, डेव्हलपमेंट १६ हजार, खाली पेनने ‘हॉस्टेल वेगळे’. तिथले क्लार्क म्हणाले, कॅपमधून कॉम्प्युटर ब्रँच मिळणार नाही, मॅनेजमेंट कोट्यातून बघा.

हे येत्या ऑगस्टअखेर रिटायर होतायत. पुढच्या वर्षी उत्पन्न ८ लाखांच्या आत आलं, तर दुसऱ्या वर्षापासून माफी मिळेल का? ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे दाखल्यात धरतात का? तोवर कर्ज काढावं की साठवलेलं मोडावं?

प्रतिसाद १

ताई, मॅनेजमेंट कोट्याचं नाव काढू नका. त्या जागेला माफी नाहीच, उद्या उत्पन्न शून्यावर आलं तरी. अभिमत आणि खाजगी विद्यापीठंही त्यातून वगळलीत. कॅपमधूनच घ्या, ब्रँच थोडी इकडेतिकडे झाली तरी चालेल. जीआर आधीपासून शिकणाऱ्या मुलींनाही लागू आहे, त्यामुळे दुसऱ्या वर्षी महाडीबीटीवर (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज भरा. डेव्हलपमेंट फी मात्र तेव्हाही भरावी लागेल. माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काची.

कराड, अमरावती, चंद्रपूर ही सरकारी कॉलेजं फॉर्ममध्ये वर टाका, पूर्ण फी भरूनही ती खाजगीपेक्षा बरीच स्वस्त पडतात. ग्रॅच्युइटीचं तहसीलमध्येच विचारा, इथल्या कुणाच्या भरवशावर राहू नका.

प्रतिसाद २

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. पण दादा रिटायर व्हायच्या आत अर्ज टाका, बँक सहकर्जदाराची पगारपत्रकं मागते. व्याजावर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते, तीही जुन्या करप्रणालीत असाल तरच.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. मॅनेजमेंट कोटा बाद. आता एकच सांगा: अमरावतीला मुलींचं सरकारी हॉस्टेल पहिल्या वर्षी मिळतं का, की बाहेर खोली बघावी लागते?